पालघरचा नोव्हेंबर

भाषणस्वातंत्र्याचा आपल्याकडील इतिहास लिहू लागलेल्या लेखकाची पावले स्वाभाविकपणेच पुण्याच्या केसरीवाड्याकडे, मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे किंवा दिल्लीच्या संसदभवनाकडे वळतात. जेथे मोठे खटले चालले आणि मोठ्या माणसांना शिक्षा ठोठावल्या गेल्या, ती स्थळे सोडून विरारच्या पुढे, वैतरणेचे पूल ओलांडून, पालघरच्या पोलीस ठाण्यापर्यंत येण्याचे प्रयोजन त्याला सहसा पडत नाही. परंतु एकविसाव्या शतकात सामान्य भारतीय नागरिकाच्या बोलण्यालिहिण्याला ज्या एका निकालाने सर्वांत भक्कम आधार दिला, त्या निकालाकडे जाणारी वाट याच ठाण्यातून गेली आहे. ती ज्यांच्या पायांनी तुडवली गेली त्या दोन तरुणींना इतिहास घडवण्याची इच्छा नव्हती. त्यांना केवळ आपले मत सांगायचे होते.

२०१२ साली पालघर हे जिल्ह्याचे ठिकाण नव्हते. ते ठाणे जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र पालघर जिल्हा अस्तित्वात आला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी, आणि तेव्हापासून वसई, विरार, नालासोपारा हा आमचा सारा टापूही त्याच जिल्ह्यात मोडू लागला. विरारपासून डहाणूपर्यंत उपनगरी लोकल गाड्यासुद्धा त्या वेळी धावत नव्हत्या. त्या सुरू झाल्या २०१३च्या एप्रिलमध्ये. मुंबईपासून पालघर इतके जवळ आणि तरी इतके दूर होते. तथापि सत्तेला तोंडावर प्रश्न विचारण्याची परंपरा या गावाला नवी नव्हती. १४ ऑगस्ट १९४२ रोजी सातपाटी, मुरबे, नांदगाव अशा आसपासच्या गावांतून निघालेले लोक तिरंगा घेऊन येथल्या कचेरीवर चालून गेले असता पोलिसांच्या गोळीबारात पाच जण धारातीर्थी पडले, आणि त्यांच्या स्मृतीचा स्तंभ पालघरच्या भर चौकात उभा आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४५ साली, तलासरी-डहाणूच्या जंगलपट्टीत वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा सरकारने सभाबंदीचा आणि हद्दपारीचा उपाय योजला: उठावाचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांना जिल्ह्यात पाऊल ठेवण्यास मनाई झाली, कारण जमीनदाराच्या बंदुकीपेक्षा झाडाखाली बसून केलेले त्यांचे भाषण अधिक धोक्याचे आहे, हे मुलकी अंमलदारांनी अचूक ओळखले होते.

या जुन्या दडपणुकीचे एक वैशिष्ट्य येथे नमूद करून ठेवणे अगत्याचे आहे, कारण पुढील कथेतील तफावत त्याशिवाय ध्यानात येणार नाही. इंग्रजी अंमलात ज्याचे तोंड बंद करायचे त्याच्यावर हुकूम बजावला जाई. १८७८ साली लॉर्ड लिटन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी जो कायदा केला, त्यान्वये मुद्रक व प्रकाशक यांच्याकडून मुचलका व जामीनकीची रक्कम मागण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास मिळाला. १९०८ साली टिळकांवर जो खटला झाला, त्यात कोणते अग्रलेख राजद्रोही आहेत हे आरोपपत्रात स्पष्ट लिहिलेले होते, आणि न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे टिळकांना आपली बाजू अनेक दिवस मांडता आली. शिक्षा सहा वर्षांची आणि मंडालेची झाली, ती अन्यायाची होती. परंतु कोणी कोणाला कशासाठी शिक्षा केली, याविषयी कोणाच्याही मनात संदेह राहिला नाही.

आणीबाणीतही तेच. जून १९७५ नंतर वृत्तपत्रांच्या मजकुरावर जे नियंत्रण आले, ते नियंत्रक नावाच्या अधिकाऱ्यामार्फत आले. त्याचे कार्यालय होते, त्याची सही होती, आणि म्हणूनच त्याला न्यायालयात खेचता येत होते. मिनू मसानी यांनी आपल्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकातील गाळलेल्या मजकुरासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, आणि १० फेब्रुवारी १९७६ रोजी न्यायमूर्ती मादन व न्यायमूर्ती कानिया यांनी नियंत्रक बिनोद राव यांचे आदेश रद्दबातल ठरवले. सरकारविरोधी मत म्हणजे देशविघातक मत नव्हे आणि जनतेला एकाच विचाराची दीक्षा देणे हे नियंत्रकाचे काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. आणीबाणी ऐन भरात असताना उच्च न्यायालयाने हे म्हणावे, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी घटना आहे, आणि ती आमच्या शाळांतून शिकवली जात नाही याची खंत वाटते. त्याच सुमारास, डिसेंबर १९७५मध्ये, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी सत्ताधाऱ्यांच्या समक्ष लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली. ज्याच्याशी झुंजायचे तो प्रतिपक्ष समोर बसलेला होता, दृश्य होता, नावानिशी ठाऊक होता.

पालघरला जे घडले त्यात असा कोणी नियंत्रक नव्हता.

तेथे हत्यार ठरले ते त्या काळी अमलात असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ; ते कसे जन्मास आले हे पाहू. मूळ कायदा २००० सालचा. त्यात हे कलम नव्हते. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच, २२ आणि २३ डिसेंबर रोजी, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती विधेयक गदारोळात, चर्चेवाचून संमत केले, आणि २७ ऑक्टोबर २००९पासून ते अमलात आले. संगणकावरून किंवा भ्रमणध्वनीवरून 'अत्यंत आक्षेपार्ह' किंवा धमकीचे स्वरूप असलेला मजकूर पाठवणारा, त्याचप्रमाणे खोटा असल्याचे ठाऊक असूनही कोणास त्रास, गैरसोय, अडथळा, अपमान वा द्वेष उत्पन्न करण्यासाठी मजकूर पाठवणारा, तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरवण्यात आला. ही शब्दयोजना आपल्या कायदेमंडळाने स्वतः घडवलेली नव्हती. तिचे मूळ विलायतेतील १९३५च्या टपाल कायद्यापर्यंत जाते, जेथे टेलिफोनवरून होणाऱ्या अभद्र आणि धमकीवजा बोलण्यास आळा घालण्याचा हेतू होता. दोन माणसांमधील तारेवरच्या संभाषणासाठी शिवलेला हा अंगरखा, लाखो माणसे एकाच वेळी एकमेकांशी बोलत असलेल्या सार्वजनिक माध्यमाच्या अंगावर चढवण्यात आला, आणि 'त्रास' म्हणजे काय, 'गैरसोय' कोणाची, 'अत्यंत आक्षेपार्ह' कोणाच्या दृष्टीने, यांपैकी एकाही शब्दाची व्याख्या कायद्यात देण्यात आली नाही.

याचा परिणाम असा की, व्याख्या करण्याचा अखत्यार संसदेकडून आणि न्यायालयाकडून निसटून ठाणे अंमलदाराच्या टेबलावर येऊन पडला. फिर्यादीच्या मनाला लागले ना, मग त्रास झाला. त्रास झाला ना, मग कलम लागू. २०१२ सालीच या कलमाची चुणूक देशभर दिसू लागली होती. एप्रिलमध्ये कोलकात्यात जादवपूर विद्यापीठातील एका प्राध्यापकास मुख्यमंत्र्यांवरील व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली; मे महिन्यात मुंबईत एअर इंडियाच्या दोन कर्मचाऱ्यांना फेसबुकवरील मजकुरासाठी तुरुंगात जावे लागले; सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईतच राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले आणि त्यांच्यावरही हे कलम लावण्यात आले. लोक हळहळले, वृत्तपत्रांनी लिहिले, आणि विषय मागे पडला.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी, शनिवारी दुपारी, शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. रविवारी शिवाजी पार्कवर त्यांच्या अंत्ययात्रेस जो जनसागर लोटला, त्यातील लाखो माणसांचा शोक खरा होता, आणि त्याविषयी अनादराने बोलण्याचे कोणास कारण नाही. चार दशकांहून अधिक काळ ज्यांनी मराठी माणसाच्या मनावर राज्य केले, त्यांच्या जाण्याने मुंबई व आसपासचा सारा मुलूख स्तब्ध झाला होता. दुकाने बंद, रिक्षा बंद, रस्ते ओस. या बंदमध्ये शोक किती आणि धास्ती किती, हा प्रश्न त्या दिवशी अनेकांच्या मनात आला असेल. वसईत, विरारमध्ये, नालासोपाऱ्यात दाराआड तो विचारलाही गेला असेल. पालघरमधील एकवीस वर्षांच्या एका तरुणीने तो फेसबुकवर लिहिला.

तिचे नाव त्या वेळी देशभरच्या वृत्तपत्रांत छापून आले. ते येथे पुन्हा देण्याची आवश्यकता मला वाटत नाही, कारण प्रसिद्धी तिने मागितली नव्हती. तिने जे इंग्रजीत लिहिले त्याचा मथितार्थ असा की, माणसे रोज जन्मतात आणि रोज मरतात, म्हणून जग थांबत नाही. भगतसिंग, आझाद, सुखदेव यांच्यासाठी आपण शेवटचे कधी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिलो. आदर मिळवावा लागतो, तो लादता येत नाही. आणि मुंबई आज आदराने नव्हे, तर भीतीने बंद आहे. तिच्या एका मैत्रिणीने त्या मजकुरास पसंती दर्शवली. या ओळींत शिवी नव्हती, धमकी नव्हती, धर्माचा उल्लेख नव्हता, कोणाविरुद्ध शस्त्र उचलण्याचे आवाहन नव्हते. दिवंगताच्या अंत्यविधीच्याच दिवशी हे लिहावे काय, याविषयी सुसंस्कृत माणसांत दुमत होऊ शकेल. मीही कदाचित एक दिवस थांबलो असतो. परंतु औचित्याचा भंग आणि गुन्हा यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेच अंतर राखण्यासाठी तर कायदा असतो. शिवाय ज्या गावाच्या चौकात पाच हुतात्म्यांचा स्तंभ आहे, तेथल्या एका मुलीने हुतात्म्यांची आठवण करून द्यावी, यात मला तरी उद्धटपणापेक्षा ममत्वच अधिक दिसते.

त्याच संध्याकाळी शिवसेनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्याने फिर्याद दिली, आणि ठाण्याबाहेर जमाव गोळा झाला. जमावाचा एक भाग त्या तरुणीच्या काकांच्या अस्थिरोग रुग्णालयाकडे वळला आणि त्याने तेथे मोडतोड केली. रुग्णालयाचा त्या मजकुराशी संबंध एवढाच होता की, लिहिणारीचे आडनाव आणि रुग्णालयाच्या मालकाचे आडनाव एक होते. ज्या घटकेला एका बाजूस काही शब्द आणि दुसऱ्या बाजूस फुटलेल्या काचा, अशी दोन प्रकरणे एकाच पोलीस ठाण्यासमोर उभी राहिली, त्या घटकेला कायद्याची दृष्टी कोणाकडे वळायला हवी होती याविषयी शंका असू नये. परंतु प्रथम कारवाई झाली ती शब्दांवर. दोघीही तरुणींना ठाण्यात आणण्यात आले आणि सोमवारी, १९ नोव्हेंबर रोजी, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्यात आले. तेथून प्रत्येकी पंधरा हजार रुपयांच्या मुचलक्यावर त्या सुटल्या. एकीने लिहिले होते, दुसरीने केवळ पसंती दाखवली होती, आणि कायद्याच्या लेखी दोघींचा अपराध सारखाच ठरला होता.

लावलेली कलमे पाहण्याजोगी आहेत. आरंभी भारतीय दंडविधानातील कलम २९५-अ लावल्याचे जाहीर झाले. हे कलम १९२७ साली, लाहोरच्या 'रंगीला रसूल' प्रकरणानंतर, धर्मभावना हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने दुखावण्याच्या कृत्यांसाठी विधानात आले; राजकीय नेत्याच्या निधनानंतरच्या बंदवर टीका करणे आणि कोणाच्या धर्माची विटंबना करणे या दोन गोष्टींची गल्लत ठाण्यातील अनुभवी अधिकाऱ्यांनी करावी, हे त्या रात्री ठाण्याभोवती जमलेल्या दडपणावाचून समजत नाही. पुढे ते कलम मागे पडून समाजासमाजांत वैर वाढवण्याविषयीचे कलम ५०५(२) आणि त्याच्या जोडीला ६६-अ ही कलमे राहिली. आधी अटक आणि मग कलमाचा शोध, असा हा उलटा प्रवास ज्या कायद्यामुळे शक्य झाला तो ६६-अ हाच. कारण बाकीच्या कलमांना काही ना काही पुराव्याची कसोटी होती, याला नव्हती.

अटक केली नसती तर दंगल झाली असती, असे समर्थन त्या वेळी ऐकू आले आणि आजही ऐकू येते. ते गांभीर्याने घेतले पाहिजे, कारण ठाण्यात तीन-चार शिपाई आणि दाराशी शेकडो संतप्त माणसे, अशा वेळी बसलेल्या फौजदाराची अडचण खोटी नसते. तथापि या अडचणीवर सर्वोच्च न्यायालयाने त्यापूर्वीच, १९८९ साली, एका तमिळ चित्रपटावरील रंगराजन विरुद्ध जगजीवन राम या खटल्यात उत्तर देऊन ठेवले होते: निदर्शनांच्या किंवा हिंसाचाराच्या धमकीपुढे उच्चारस्वातंत्र्याचा बळी देता येत नाही; विरोधी जमाव आवरण्याची आपली असमर्थता हे सरकारला कारण म्हणून पुढे करता येणार नाही, उलट बोलणाऱ्याचे रक्षण हे त्याचे कर्तव्य आहे. पालघरच्या ठाण्याला बंदोबस्त मागवता आला असता, तरुणींच्या घराभोवती पहारा बसवता आला असता, मोडतोड करणाऱ्यांना जागीच पकडता आले असते. जमावाला शांत करण्यासाठी बोलणाऱ्यालाच ताब्यात घेणे हा मार्ग सर्वांत सोपा होता. पण जमावाचा राग हाच कायद्याचा निकष, असा पायंडा त्यातून पडला.

यानंतरच्या दहा दिवसांत चक्र वेगाने फिरले. भारतीय वृत्तपत्र परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना तातडीने पत्र पाठवून पोलिसांवरच कारवाईची मागणी केली. देशभरच्या वृत्तवाहिन्यांवर पालघर हे नाव घुमू लागले. रुग्णालयाची मोडतोड करणाऱ्यांपैकी काहींना अटक झाली. आणि कोकण परिक्षेत्राच्या महानिरीक्षकांच्या चौकशीनंतर २७ नोव्हेंबर रोजी ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघर ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, या निलंबनाच्या निषेधार्थ शिवसेनेने पालघर बंद पुकारला आणि तो पाळलाही गेला. याच दिवसांत गावातील आणखी एका युवकाला दुसऱ्या एका नेत्याविषयीच्या मजकुरावरून ठाण्यात नेऊन, मग सोडून देण्यात आले. यथावकाश दोघी तरुणींवरील गुन्हाही पोलिसांनी मागे घेतला.

सरकारदप्तरी प्रकरण मिटले; परंतु त्या तरुणीने आपले फेसबुकवरील खाते बंद केले होते. भाषणनियंत्रणाचा खरा हिशेब या ठिकाणी मांडावा लागतो. किती जणांना शिक्षा झाली, यापेक्षा किती जणांनी त्यानंतर लिहिणे सोडले, लिहिलेले पुसले, बोलता बोलता जीभ आवरली, हा आकडा मोठा असतो आणि तो कोणत्याही वार्षिक अहवालात येत नाही. भयाचा हा व्यवहार आम्हा वसईकरांना अपरिचित नाही. १९८० आणि ९०च्या दशकांत, भूखंड, टँकर आणि दहशत यांचे राज्य आमच्या हिरव्या पट्ट्यावर पसरत असताना, कोण काय बोलतो याची नोंद ठेवली जाई, आणि त्या काळात 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या व्यासपीठावरून उघडपणे बोलावे, याला जे मोल होते ते तेव्हा येथे राहिलेल्यांनाच कळेल. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हाही त्यांच्या निवडीला विरोध करणारी धमकीची भाषा ऐकू आलीच. परंतु दिब्रिटोंच्या पाठीशी चर्च होते, मासिक होते, हजारो गावकरी होते. पालघरच्या त्या मुलीपाशी एक भ्रमणध्वनी होता आणि पसंती दर्शवणारी एक मैत्रीण. नव्या माध्यमाने बोलण्याची मुभा सर्वांना दिली, पण बोलल्यानंतर पाठीशी उभे राहणारी संस्था कोणालाच दिली नाही, आणि म्हणूनच अशा एकट्या माणसासाठी कायद्याची भाषा काटेकोर असणे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आवश्यक झाले आहे.

पालघरच्या बातमीने अस्वस्थ झालेल्यांत दिल्लीतील श्रेया सिंघल ही एक तरुणी होती. विलायतेत खगोलभौतिकीचे शिक्षण घेऊन ती नुकतीच परतली होती आणि कायद्याच्या अभ्यासाकडे वळत होती. तिच्या याचिकेवर नोव्हेंबर २०१२च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. सरन्यायाधीश अल्तमस कबीर यांच्या खंडपीठाने केंद्र सरकारला नोटीस काढली आणि पालघरच्या अटकांविषयी महाराष्ट्र सरकारकडे खुलासा मागितला. ९ जानेवारी २०१३ रोजी केंद्राने राज्यांना सूचना केली की, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून या कलमाखाली अटक करू नये. ही सूचना सद्हेतूची होती, पण तिने कलमाचा दोष दूर होत नव्हता. अस्पष्ट शब्दांचा अर्थ निरीक्षकाऐवजी अधीक्षकाने लावायचा, एवढाच तो फरक.

२४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने कलम ६६-अ संपूर्णतः घटनाबाह्य ठरवले. नरिमन यांनी लिहिलेल्या या निकालात संविधानाच्या अनुच्छेद १९चा इतिहास आहे. १९५० साली मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली, आणि रोमेश थापर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. त्यावर लगेच १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती होऊन 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण आणि त्याबरोबरच 'वाजवी' हे विशेषण निर्बंधांच्या यादीत आले. म्हणजे निर्बंध घालण्याची सरकारची शक्ती आणि त्या शक्तीला लावायची मोजपट्टी, या दोन्ही एकाच दुरुस्तीत जन्मल्या. न्यायालयाने या मोजपट्टीवर ६६-अ मोजले आणि बोलण्याच्या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या: एखाद्या विषयाची चर्चा, त्या विषयाचा पुरस्कार, आणि चिथावणी. पहिल्या दोन पायऱ्या, मग त्या कोणाला कितीही अप्रिय वाटोत, संविधानाच्या संरक्षणाखाली आहेत. तिसरी गाठली गेली तरच निर्बंधाचा प्रश्न उद्भवतो.

या निकालातील दोन मुद्दे मला विशेष मोलाचे वाटतात. सरकारतर्फे असे आश्वासन देण्यात आले होते की, या कलमाचा वापर विवेकानेच होईल. त्यावर न्यायालयाचे म्हणणे असे की, सरकारे येतात आणि जातात, कलम मात्र कायम राहते, आणि एका सरकारचे आश्वासन पुढच्या सरकारला बांधत नाही. दुसरा मुद्दा विलायतेतील दोन खटल्यांवरून काढलेला आहे. तेथे अशाच शब्दांचा अर्थ लावताना एकाच घटनेवर खालच्या आणि वरच्या न्यायालयांचे निर्णय परस्परविरुद्ध झाले होते. कायद्यात मुरलेल्या न्यायाधीशांचीच जर अशी अवस्था, तर सामान्य नागरिकाने आपले वाक्य गुन्हा आहे की नाही हे लिहिण्यापूर्वी कसे ठरवावे, आणि त्याला पकडणाऱ्या पोलिसाने तरी कसे ठरवावे? पालघरच्या ठाण्यात झाले ते याच प्रश्नाचे प्रात्यक्षिक होते.

येथे ही कथा संपली असती तर बरे झाले असते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले कलम ठाण्यांच्या दप्तरातून रद्द झाले नाही. छापील पुस्तकांत ते तसेच राहिले, तळटीप कोणी वाचली नाही, आणि २०१५ नंतरही देशभर हजाराहून अधिक गुन्हे त्याखाली नोंदले गेले, ज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक खेदाने अग्रभागी सांगावा लागतो. ५ जुलै २०२१ रोजी ही माहिती न्यायालयापुढे आली तेव्हा न्यायमूर्ती नरिमन यांच्याच पीठाने आश्चर्य आणि उद्वेग व्यक्त केला. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्व राज्यांच्या पोलीस महासंचालकांना निर्देश द्यावे लागले की, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये. मृत कायदा सात वर्षे माणसांना ठाण्यात बोलावत राहिला, हा आपल्या प्रशासनाचा दोष कोणत्याही एका पक्षाच्या माथी मारता येणार नाही.

शब्दांमुळे अनर्थ होत नाही, असे मात्र कोणी समजू नये. आणि हेही सांगण्याचे दुर्भाग्य याच जिल्ह्याच्या वाट्याला आले. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या रात्री, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना जमावाने पोलिसांदेखत ठार मारले. मुले पळवणाऱ्या, अवयव काढून नेणाऱ्या चोरांच्या अफवा त्याआधी कितीतरी दिवस त्या भागात तोंडोतोंडी आणि भ्रमणध्वनींवरून फिरत होत्या. पुढे या हत्येला धार्मिक द्वेषाचा रंग देणारा मजकूर देशभर पसरला, आणि पकडलेल्यांत मुसलमान कोणीही नाही हे गृहमंत्री अनिल देशमुख यांना आरोपींची यादीच प्रसिद्ध करून सांगावे लागले. या घटनेच्या वार्तांकनावरून एका वृत्तवाहिनीचे संपादक अर्णब गोस्वामी यांच्यावर अनेक राज्यांत फिर्यादी झाल्या. १९ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच कार्यक्रमासाठी पत्रकाराला ठिकठिकाणच्या फिर्यादींनी छळता येणार नाही असे सांगून एक वगळता बाकी फिर्यादी रद्द केल्या. ज्यांना त्या संपादकाची भाषा मान्य नाही, त्यांत मी आहे. तरीही हा निर्णय योग्य होता असे मी मानतो, कारण तो नियम पालघरच्या मुलीसाठीही तोच आहे.

गडचिंचल्याचा दाखला देऊन ६६-अ सारखे कायदे पुन्हा हवेत असे म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे की, अफवा पसरवण्याविरुद्धचे आणि वैर माजवण्याविरुद्धचे कायदे त्या रात्रीही विधानात होते. उणीव होती ती वेळीच गावात जाऊन अफवेचे निराकरण करणाऱ्या माणसांची, आणि जमावासमोर ठामपणे उभ्या राहणाऱ्या पोलिसांची. २०१२ साली पालघरला जमावासमोर ठाणे वाकले, २०२० साली गडचिंचल्याला जमावासमोर पोलीस हतबल झाले. पहिल्या प्रसंगी एका मुलीचे मत गेले, दुसऱ्या प्रसंगी तीन माणसांचे प्राण गेले.

१ जुलै २०२४पासून जुने दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि प्रक्रियेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. या दुसऱ्या संहितेच्या कलम १७३(३) मध्ये अशी तरतूद आहे की, तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, गुन्हा नोंदवण्यापूर्वी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. २८ मार्च २०२५ रोजी, जामनगरला एका कवितेवरून खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर नोंदलेली फिर्याद रद्द करताना, न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी या तरतुदीचा अर्थ लावला: बोलण्यालिहिण्यावरून येणाऱ्या अशा फिर्यादींत पोलिसांनी आधी ही चौकशी करणे नेहमी उचित, आणि शब्द मोजायचे ते कणखर, विवेकी माणसाच्या दृष्टीने, प्रत्येक गोष्टीत अपमान पाहणाऱ्याच्या दृष्टीने नव्हे. न्यायमूर्ती ओक यांनी आपली वकिली १९८३ साली ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात सुरू केली होती. पालघर त्या वेळी त्याच जिल्ह्यात होते.

हा निकाल इंग्रजीत आहे, आणि ठाण्यातला अंमलदार फिर्याद मराठीत लिहितो. पालघर ग्रामीण पोलीस आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय या दोन्हींनी त्याचा मराठी सारांश, कलम १७३(३)च्या मूळ पाठासह, प्रत्येक ठाण्याच्या नोंदवहीशेजारी ठेवण्याची तजवीज करावी. गृहखात्याने तसे परिपत्रक काढावे. आणि ते निघेपर्यंत वसई, विरार, पालघर, डहाणू येथल्या वकील संघटनांनी, ग्रंथालयांनी आणि पत्रकार संघांनी ते काम आपल्या खर्चाने अंगावर घ्यावे.